मावेल एवढी रत्नागिरी

पुण्यात जलरंगात होड्या काढणारे पुष्कळ आहेत. मुठा नदीत होडी नसते, ही त्यांना अडचण वाटत नाही. आमचा रविवारचा चित्रकारांचा गट ओंकारेश्वराच्या मागे बसतो, नदीकडे पाठ करतो आणि मोबाइलवर पाहून कुठल्यातरी बंदराचं चित्र काढतो. मीही अशा होड्या खूप काढल्या. फरक एवढाच, की माझ्या होड्या मोठ्या असतात, कारण मी कागदच मोठा घेतो. गटातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी माझ्या चित्रासमोर उभं राहून विचारलं होतं, "आपण हे घरी कसं नेता? टेंपो करता का?" मी ते कौतुक समजून घेतलं होतं.

या जानेवारीत मी खराखुरा समुद्र काढायला रत्नागिरीला गेलो. सोबत माझे सासरे होते. खरं तर त्यांच्यासाठीच जायचं होतं.

सासरे मूळचे रत्नागिरीचे. सगळी नोकरी तिथल्या बंदरावर झाली. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे वारज्याला राहायला आले. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला जावईबापू म्हणतात. मी वर्ध्याकडचा. शिकायला पुण्यात आलो, सदाशिव पेठेतल्या एका खोलीत चौघांत राहिलो आणि शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढता काढता इथलाच झालो. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो स्वतःच्या लग्नात. तोही नीट नाही, कारण फोटोग्राफर सारखा समुद्राकडे पाठ करून उभं राहायला सांगत होता.

मामा जुन्या वळणाचे आहेत. जावई म्हणजे पाहुणा आणि पाहुण्याच्या कामात खोट काढायची नाही, हा त्यांचा नेम. मी पहिला घास घेतल्याशिवाय ते जेवायला सुरुवात करत नाहीत, आणि हे माझ्याच घरात. त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला, अर्चनाला, याचं हसू येतं. माझं चित्र पुरं झालं की ती स्वयंपाकघरातूनच सांगते, "आकाश चुना सांडल्यासारखं झालंय." मामा मात्र खुर्चीतून उठून येतात, चित्रासमोर उभे राहतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "उत्तम." आमच्या दोघांत इतक्या वर्षांत एकदाही वाद झालेला नाही. अर्चनाच्या मते त्याचं कारण असं, की आमच्यात एकही खरं वाक्य झालेलं नाही.

मामांना काचबिंदू आहे. सदाशिव पेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर तपासलं तेव्हा सांगितलं, की कडेची नजर गेली आहे आणि मधली तेवढी उरली आहे. नळीतून पाहावं तसं त्यांना दिसतं. त्यात लहानपणापासूनचा जाड भिंगांचा चष्मा, त्यामुळे लांबचं मुळातच पुसट. "गेलेलं परत येणार नाही. उरलेलं जपायचं. थेंब चुकवायचे नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"उरलेलं किती दिवस राहील?" अर्चनानं विचारलं.

"ते सांगता येत असतं तर बाहेरच्या पाटीवर तेही लिहिलं असतं, बाई."

परतताना रिक्षात वारज्याचा पूल आला तेव्हा मामा म्हणाले, "एकदा रत्नागिरी बघून घ्यावी म्हणतो." आमच्याकडे राहायला आल्यापासून त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

अर्चनाला शाळेतून रजा मिळेना. मग ठरलं असं, की मी त्यांना घेऊन जायचं, त्यांच्या सगळ्या जागा रंगवायच्या आणि ती चित्रं त्यांच्या खोलीत लावायची. म्हणजे नजर आहे तोवर गाव समोर राहील. मी लगेच दुकानात जाऊन असेल नसेल तो सगळ्यात मोठा कागद घेऊन आलो.

मांडवी

स्वारगेटहून एसटी. आंब्याच्या घाटात माझ्या पोटात ढवळलं, मामांच्या नाही. बाकी प्रवासात सांगण्यासारखं काही नाही.

उतरलो मामांच्या पुतणीकडे, सुषमाकडे. तिचं घर मांडवीच्या वरच्या अंगाला आहे. दारातच तिनं मामांचा हात धरला, "हळू या ओ काका, पायरी हाय," आणि मला म्हणाली, "भावोजी, तुम्ही पण. ह्या पायरीवर डोळेवालेच जास्त पडतात." जेवायला बांगड्याचं तिखलं आणि तांदळाची भाकरी. आमच्या वर्ध्याकडे तिखट म्हणजे तोंडात जाळ. इथलं तिखट कोकमाच्या आंबटपणाआडून येतं आणि घास गिळल्यावर आपली ओळख देतं. मी चौथी भाकरी घेतली तेव्हा सुषमानं मामांकडे बघून भुवया उंचावल्या. जावयाच्या भाकऱ्या मोजायच्या नसतात, म्हणून मामांनी मान दुसरीकडे वळवली.

सकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर कागद उभा करायची घोडी मांडली. इथली वाळू काळी आहे. पुण्यात बसून समुद्र काढणारे आम्ही सगळे वाळूला पिवळा रंग लावत आलो आहोत, हे मला तिथं समजलं. समोर धक्का, पलीकडे पाण्यात घुसलेला भगवतीच्या किल्ल्याचा डोंगर, त्यावर दीपगृह. वारा असा, की कागद चारी बाजूंनी चिमटे लावूनही शिडासारखा फुगत होता. मामांना घडीच्या स्टुलावर बसवलं. ते समुद्राकडे तोंड करून बसले आणि मान अगदी सावकाश एका बाजूकडून दुसरीकडे नेत राहिले.

चित्र काढताना लोक जमतात, तसे इथंही जमले. पुण्यात माणूस मागे उभा राहतो, दोन मिनिटं बघतो आणि "शनिवारवाडा एवढा उंच नाहीये" असं सांगून निघून जातो. इथं कोणी चित्राबद्दल बोलत नाही. आधी विचारतात, "कोणाकडे आलात?" सुषमाचं नाव सांगितलं की तिचे वडील, त्यांचे वडील असं करत मामांपर्यंत पोचतात. एका म्हाताऱ्यानं मामांना ओळखलं. दोघं बंदरावरच्या कोणकोणत्या माणसांबद्दल बोलत बसले, आणि माझ्या पाठीमागे निम्मं गाव मेलं आणि पुन्हा जिवंत झालं.

उन्हं चढेपर्यंत चित्र झालं. मोठं झालं, आणि मला वाटतं, चांगलंही. मी ते मामांपुढे धरलं. त्यांनी पाहिलं, मान डोलावली.

"उत्तम."

"समुद्र पाहून बरं वाटलं ना मामा?"

"तर. पाहिला ना समुद्र," ते म्हणाले. मी खूष होऊन सामान आवरलं.

भाट्याची खाडी

दुसऱ्या दिवशी खाडीवर गेलो. भाट्याचा पूल, अलीकडे राजिवड्याची वस्ती आणि खाली गाळात चार होड्या एका कुशीवर कलंडून पडलेल्या. असं आयतं चित्र मोबाइलवरही मिळत नाही. मामांना वर दगडी बांधावर बसवलं आणि मी चपला हातात घेऊन सरळ होड्यांच्या मध्ये जाऊन घोडी रोवली. मामा काहीतरी म्हणायला लागले आणि थांबले. मी हात करून विचारलं, "काय?" ते म्हणाले, "काही नाही. जागा छान आहे."

मी कामात बुडालो. जरा वेळानं पहिली होडी मला चित्रातल्यापेक्षा कमी कलंडलेली दिसू लागली. आपली रेघ चुकली समजून मी रेघ सुधारली. मग दुसरी होडीही सरळ व्हायला लागली. मी तीही सुधारली. होड्यांप्रमाणे रेघा बदलत मी बराच वेळ चिवटपणे काम केलं, आणि पायाला गार लागतंय हे मला कळतच होतं, पण गाळच तो, गार असणार.

बाजूला टोपलीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचणारी एक बाई केव्हाच वर चढली होती. ती बांधावरून ओरडली, "ओ चित्रवाले! भरती लागली, समजत नाय काय?"

वळून पाहिलं तर माझी रंगांची पिशवी पुलाच्या दिशेनं निघाली होती. ती पकडायला धावलो तेवढ्यात घोडी आडवी झाली. मांडीपर्यंत भिजून, एका हातात पिशवी आणि एका हातात ओला कागद धरून मी बांधावर आलो. पुण्यात नदी जिथे असते तिथेच असते. धरणातून पाणी सोडलं तर आधी भोंगा वाजतो. पाणी न सांगता येतं ही कल्पना माझ्या अंगवळणी नव्हती.

"मघापासून वाट बघतोय, कधी उठताय म्हणून," मामा म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"जन्म गेला की इथं. मघाशी वाऱ्याबरोबर वास बदलला तेव्हाच समजलं."

"मग सांगितलं का नाही?"

"जागा तुम्ही निवडलेली." ते शांतपणे म्हणाले. "तुम्हाला पाण्यात बसूनच काढायचं असेल, तर मी कोण सांगणारा?"

मी त्यांच्या शेजारी बसलो. पँट पिळता पिळता डोक्यात एक विचार आला आणि तो काही केल्या जाईना. जो माणूस जावयाला समुद्र येतोय हे सांगत नाही, तो आणखी काय काय सांगत नसेल? मी भिजलेला कागद त्यांच्यापुढे धरला. खालचा भाग धुऊन गेला होता, होड्या मात्र शाबूत होत्या.

"मामा, यात होड्या किती आहेत?"

ते पुढे वाकले. मान डावीकडून उजवीकडे नेली, पुन्हा मागे आणली.

"एक. काठ निळा आहे तिचा. छान आलाय."

"चार आहेत."

ते आणखी थोडे वाकले. मग म्हणाले, "असतील. एक बघून दुसरीवर जाईपर्यंत पहिली हातची जाते. पुन्हा पहिली शोधायला गेलं की दुसरी जाते."

"आणि कालचं मांडवीचं?"

"त्यात आकाश होतं. आकाश चांगलं होतं."

"आणि समुद्र? खरा समुद्र?"

"फडक्याएवढा दिसतो. बाकीचा धुक्यात. आवाज मात्र सगळा येतो." आणि मग जणू माझीच समजूत काढावी तसं म्हणाले, "तेवढ्यासाठी आलं तरी चालतं."

मला राग आला. त्यांचा आला, माझा आला, त्या मोठ्या कागदाचा आला. मामांशी मी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून बोललो. "मग बोलायचं ना मामा! एवढ्या लांब आलो ते कशासाठी आलो आपण?"

"तुम्ही उन्हात उभे, एवढा मोठा कागद, एवढे कष्ट. त्याला मी कसं म्हणू, की मला दिसत नाही?"

 घरी जाताना रस्ता ओलांडायला त्यांनी माझं कोपर धरलं. संध्याकाळी अर्चनाला फोनवर सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांना उत्तम म्हणत बसा," आणि फोन ठेवून दिला. त्या संध्याकाळी मला खरोखर वाटलं, की आपण उगाच आलो. मी भिंती भरतील एवढी चित्रं काढली असती आणि मामा त्या खोलीत माझ्या मानासाठी एक एक बोट आकाश बघत बसले असते.

सुषमाच्या अंगणात

सकाळी उठलो तर सुषमानं पिशवीतलं सगळं सामान बाहेर काढून उन्हात वाळत घातलं होतं. ब्रश दोरीला, कपडे वाशाला, आणि धुण्याच्या दगडावर माझे कागदाचे कपटे, उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक करवंटी.

हे कपटे म्हणजे कच्चं काम. मोठं चित्र सुरू करण्याआधी मी पत्त्याएवढ्या तुकड्यावर काळ्या पेनानं आराखडा काढून घेतो. कुठे गडद, कुठे कोरं, एवढं ठरवण्यापुरता. चित्र झालं की तो फेकायचा. पेनाची शाई पक्की असल्यामुळे ते पाण्यात टिकले होते.

मामा दात घासून, हात पुढे करून चाचपत दगडापाशी आले. एका करवंटीला हात लागला. त्यांनी ती उचलली आणि खालचा कागद घेतला. चष्म्याजवळ नेला, मग हात लांब केला, थोडा आखडला. आणि तसेच थांबले. मान हलली नाही.

"हा धक्का," ते म्हणाले.

मी पायरीवर चहा पीत होतो. कप खाली ठेवला.

"हा धक्का. हा किल्ल्याचा डोंगर. ही मधली वाळू. हे... सगळं आहे की हो यात." ते कागदाकडे बघतच होते. "सगळं एकदम आहे."

सुषमा दारात आली होती. ती पदर तोंडाला लावून आत गेली. मामांनी कागद थोडा उजेडाकडे वळवला. मग त्यांनी घसा साफ केला.

"जावईबापू, एक बोलू का? राग येणार नसेल तर."

"बोला."

"हे दीपगृह चुकलंय."

"काय चुकलं?"

"एवढं जाड नाही ते. हे आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसारखं झालंय."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. मी त्यांच्याजवळ जाऊन तो कागद घेतला. दीपगृह खरंच जाड होतं. ते मोठ्या चित्रातही जाडच होतं, पण तिथे ते त्यांना सापडलंच नव्हतं.

मिरकरवाडा आणि इतर

त्या सकाळी मी माझे मोठे कागद सुषमाच्या सुरीनं कापले. कापताना हात जड झाला, खोटं कशाला सांगू. पण नंतरचे दिवस माझ्या चित्रकलेतले सगळ्यात कष्टाचे आणि सगळ्यात मजेचे गेले. एकदा जीभ सुटल्यावर मामा आवरेनात. त्यांच्या शाळेचं फाटक काढलं तर म्हणाले, फाटक ठीक, पण पोरं कुठायत? बुद्धविहाराच्या पायऱ्या काढल्या तर म्हणाले, सावली उलटी पडली आहे. एसटी स्टँड काढलं तर म्हणाले, इतकं स्वच्छ कधीपासून झालं?

एके ठिकाणी जुनं वडाचं झाड होतं म्हणे, आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. मी मोठ्या मनानं म्हणालो, "झाड काढू का? आठवणीतलं?"

"नको. आहे ते काढा. आठवायचंच असतं तर ते वारज्यात बसून केलं असतं."

मिरकरवाड्याच्या बंदरावर सकाळी मासळीचा लिलाव चालतो. तिथे स्थिर असं काहीच नसतं. पाट्या, बर्फ, मांजरं, ओरडा, आणि पायाखाली चकचकीत चिखल. मी एका कडेला उभा राहून भराभर काढत होतो. सुरमईची पाटी घेऊन बसलेली एक बाई मान वाकडी करून बघत होती.

"एवढुसाच कागद? एवढ्यात माझी पाटी पण मावायची नाय."

मामांनी माझ्या हातातून तो तुकडा घेतला, हात लांब करून बघितला आणि तिला म्हणाले, "पाटी मावलीय. तुमचं नाक तेवढं बाहेर राहिलंय."

ती खदखदून हसली. तिनं मामांच्या हातातून तो कागद घेऊन शेजारणीला दाखवला, तिनं तिच्या शेजारणीला, आणि तो सगळ्या ओळीभर फिरून एका कोपऱ्यावर मासळीचा खवला चिकटून परत आला. तो खवला मी काढला नाही. त्या दुपारी सुरमई तिच्याकडचीच खाल्ली. जेवताना मामांनी माझी वाट न बघता पहिला घास घेतला. 

निघायच्या दिवशी पुन्हा मांडवीला गेलो. मी तोच धक्का, तोच डोंगर पुन्हा काढला आणि दीपगृहाला बारीक ब्रश वापरला. मामांनी तो तुकडा डोळ्यांपुढे धरला, मग तो खाली घेऊन समोर बघितलं, पुन्हा तुकडा, पुन्हा समोर. समोर तुकड्यातुकड्यानं दिसणारा समुद्र ते हातातल्या कागदावर नेऊन जोडत होते. बराच वेळ हे चाललं होतं. एसटीची वेळ होत आली तरी मी त्यांना उठवलं नाही.

वारजे

मामांच्या खोलीत आता भिंतीवर एकही चित्र नाही. ती चित्रं एका मिठाईच्या खोक्यात असतात. दुपारी चहा झाला की ते खोकं मांडीवर घेतात आणि एकेक चित्र हात लांब करून बघतात. त्यांनी सांगितलेलं मी सुधारलंय का, याची खात्रीही करून घेतात. रविवारच्या गटात माझ्या छोट्या कागदाकडे बघून ते ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "काय हो, टेंपोवाल्यानं भाडं वाढवलं का?" मी यावेळीही कौतुक समजून घेतलं.

मामांचे थेंब वेळेवर चालू आहेत. मागच्या तपासणीला डॉक्टर नेहमीपेक्षा कमी बोलले.

परवा मी त्यांना एक नवं चित्र दिलं. भाट्याच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन, तिथे घेतलेल्या आराखड्यावरून काढलेलं. त्यांनी हात लांब केला, चित्र धरलं. मान जराशी डावीकडे गेली, मग उजवीकडे. त्यांनी मान डोलावली.

"उत्तम," ते म्हणाले.

 अर्चना पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती, तिचे हात थांबले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी बाहेर आलो, कात्री घेतली, कोऱ्या कागदाचा निम्म्यानं लहान तुकडा कापला, आणि तेच बन त्यात पुन्हा बसवलं. झाडं कमी केली, काळं जास्त काळं केलं. रंग सुकेपर्यंत खिडकीत धरून उभा राहिलो. मग आत जाऊन तो तुकडा मामांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा सारखा केला. हात लांब केला, थोडा आखडला, आणि थांबले. मान हलली नाही. अर्चना माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. शेवटी मामांनी अंगठा उचलून कडेच्या झाडावर ठेवला.

"जावईबापू," ते म्हणाले, "हे सुरू नाही. हा आपल्या चौकातला सिग्नलचा खांब आहे."

"बदलतो," मी म्हणालो, आणि ब्रश आणायला गेलो.